श्रीनगर ते कन्याकुमारी, गटाने सायकलवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे आठ ते बारा जणांचा गट आणि सोबत एक सपोर्ट गाडी असे धरून लिहिली आहेत. सगळे सामान सायकलवर लादून एकट्याने जाणाऱ्यांचे प्रश्न बरेच वेगळे असतात, त्यांची सरमिसळ इथे केलेली नाही. अशी मोहीम पायात ताकद नाही म्हणून क्वचितच मोडते. ती मोडते गटाचे नियम निघण्याआधी ठरलेले नसतात म्हणून, किंवा एखादा छोटा सुटा भाग कोणाकडेच नसतो म्हणून. त्यामुळे या दोन गोष्टींवर इथे जास्त लिहिले आहे.

मार्ग कोणता, आणि एकूण अंतर किती?

राष्ट्रीय महामार्ग ४४. श्रीनगरहून बनिहाल, रामबन, उधमपूर, जम्मू. पुढे पठाणकोट, जालंधर, लुधियाना, अंबाला, पानिपत, दिल्ली. मथुरा, आग्रा, धौलपूर, ग्वाल्हेर, झाशी, ललितपूर, सागर, नरसिंहपूर, लखनादौन, सिवनी, नागपूर. मग हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मल, हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर, बंगळूर. शेवटी होसूर, कृष्णगिरी, सेलम, करूर, दिंडीगल, मदुराई, तिरुनेलवेली, नागरकोविल आणि कन्याकुमारी. शहरांत फार आत शिरला नाहीत, तर ३,६०० ते ३,७०० किलोमीटर होतात.

आखणीसाठी टप्पे असे धरा: श्रीनगर ते जम्मू २६०, जम्मू ते दिल्ली ६००, दिल्ली ते आग्रा २२०, आग्रा ते नागपूर ८००, नागपूर ते हैदराबाद ५००, हैदराबाद ते बंगळूर ५८०, बंगळूर ते कन्याकुमारी ६९०. म्हणजे नागपूर जवळजवळ बरोबर मध्यावर येते. चेन, टायर, ब्रेक पॅड यांची मोठी तपासणी तिथेच ठेवा. मराठी बोलून काम होईल असे सायकल दुकान या रस्त्यावर नागपुरातच सहज सापडेल.

किती दिवस लागतात?

३५ दिवस सायकल, ५ दिवस विश्रांती, एकूण ४०. रोजची सरासरी १०५ किलोमीटरच्या आसपास येते. ज्यांना ४० दिवसांची रजा मिळत नाही ते १२५-१३० ची सरासरी धरून ३० दिवसांत बसवायचा प्रयत्न करतात. कागदावर ते जमते. पण दहा जणांच्या गटात कोणाचे तरी पोट बिघडणार, एखाद्या दिवशी पाऊस लागणार, एखादा रस्ता बंद असणार. विश्रांतीचे दिवस खाऊन टाकणारे वेळापत्रक तिसऱ्या आठवड्यात कोलमडते. विश्रांती जम्मू, आग्रा, नागपूर, हैदराबाद आणि बंगळूर इथे ठेवा, आणि परतीचे तिकीट ठरलेल्या दिवसानंतर दोन दिवस सोडून काढा.

कधी निघावे?

ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. त्याची कारणे टप्प्याटप्प्याने अशी: काश्मीरमध्ये तेव्हा रात्री थंडी असते, पण बर्फ नसतो. पंजाब-हरियाणा ११-१२ तारखेपर्यंत पार होतो, त्यामुळे शेतातले खुंट जाळल्याचा दाट धूर बहुतांशी टळतो. डिसेंबर-जानेवारीतले धुके तर नसतेच. विदर्भात पोहोचेपर्यंत नैर्ऋत्य मोसमी पाऊस परतलेला असतो. फक्त तमिळनाडूत गाठ पडते, कारण तिथला ईशान्य मोसमी पाऊस साधारण २० ऑक्टोबरनंतर सुरू होतो. तो बऱ्याचदा दुपारनंतर किंवा रात्री पडतो, म्हणून पहाटे लवकर निघणाऱ्या गटाला सोसवतो. या काळात दसरा-दिवाळी आली, तर त्या आठवड्यातले मुक्काम आधी नक्की करा. चालकालाही घरची आठवण येते, त्याच्या सुट्टीचे आधी बोलून ठेवा.

फेब्रुवारीत निघायचे असेल, तर श्रीनगरऐवजी जम्मूहून सुरुवात करा. हिवाळ्यात रामबन-बनिहाल पट्ट्यात बर्फ, पाऊस आणि दरडी यांमुळे रस्ता अनेकदा बंद होतो.

कन्याकुमारीहून उत्तरेकडे का जात नाही?

जाता येते. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दख्खनच्या पठारावर वारा ईशान्येकडून असतो. दक्षिणेकडे जाताना तो पाठीवर किंवा डाव्या खांद्यावर येतो, उलट जाताना तोंडावर. ताशी १५ किलोमीटरचा समोरचा वारा दिवसभर लागला, तर चढाशिवायच घाटाइतकी दमछाक होते. शिवाय उत्तरेकडे जाताना काश्मीरचा चढ शेवटी, थकलेल्या अंगावर आणि नोव्हेंबरच्या थंडीत येतो.

श्रीनगर ते जम्मू म्हणजे नुसता उतार का?

हा गैरसमज फार पसरला आहे. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटरवर आणि जम्मू ३०० मीटरच्या आसपास, म्हणून तसे वाटते. प्रत्यक्षात काझीगुंडपर्यंत सपाटी, मग पीरपंजालची डोंगररांग पार करणे, मग बनिहालहून चिनाबच्या काठावरच्या रामबनपर्यंत खोल उतार, आणि तिथून पुन्हा बटोतकडे सणसणीत चढ. जुना रस्ता पुढे पटनीटॉपला २,००० मीटरवर जातो.

दोन लांब बोगदे आहेत: बनिहाल-काझीगुंड सुमारे साडेआठ किलोमीटर आणि चेनानी-नाशरी सुमारे नऊ किलोमीटर. त्यांतून सायकल चालवू देतील असे गृहीत धरून दिवस आखू नका. बोगद्याच्या तोंडाशी सायकली गाडीवर चढवून पलीकडे उतरवायची तयारी ठेवा. दहा सायकली एका खेपेत मावत नसतील, तर दोन खेपांना दीड-दोन तास जातात. चेनानी-नाशरीला पटनीटॉपचा जुना रस्ता हा चांगला पर्याय आहे. वाहने कमी, देवदारांची सावली, पण त्या दिवशी ६०-६५ किलोमीटरपेक्षा जास्त ठरवू नका.

हे २६० किलोमीटर चार दिवसांत करा. जम्मू-काश्मीर वाहतूक पोलीस दुसऱ्या दिवशी रस्ता कसा असेल याची सूचना आदल्या संध्याकाळी काढतात, ती रोज बघायची. लष्कराचा ताफा जाताना थांबवले तर निमूट थांबायचे, फोटो काढायचे नाहीत. आणखी एक गोष्ट ऐनवेळी सगळ्यांना अडवते: बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम तिथे चालत नाही. गटात निदान तिघांकडे पोस्टपेड जोडणी हवी, त्यांतले एक चालकाकडे.

तयारी किती महिने आणि कशी करायची?

आठवड्याला १०० किलोमीटर चालवणाऱ्याला चार महिने पुरतात. पहिले सहा आठवडे नुसते अंतर वाढवा. त्यानंतर महत्त्वाचे म्हणजे लागोपाठचे दिवस: शनिवारी १०० आणि रविवारी पुन्हा १००. निघण्याच्या तीन आठवडे आधी तीन दिवस लागोपाठ ११० किलोमीटर, तेही पूर्ण गटाने, त्याच सायकलींवर, त्याच सीटवर, त्याच कपड्यांत. पुणेकरांना सातारा-कोल्हापूर, नाशिककरांना कसारा घाट, कोकणात राहणाऱ्यांना दारातच चढ आहेत. विदर्भात घाट फारसे नाहीत, तिथे उन्हाळी वाऱ्यासमोर जड गिअरवर चालवणे हा सराव कामाला येतो.

अनेक जण विचारतात की २०० किंवा ३०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) पूर्ण केली आहे, ती पुरेल का. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर करणे हे चांगलेच आहे, पण त्यानंतर आपण दोन दिवस झोपून काढतो. इथे दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा सीटवर बसायचे असते. सराव त्याचा हवा.

सायकल कोणती घ्यावी?

हायब्रिड (रोड आणि माउंटन सायकलच्या मधली) किंवा एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची, रोड सायकल, ज्यात ३२ मिलिमीटरचा टायर बसतो अशी. जाड टायरची माउंटन सायकल चालेल, पण तिचे खाचांचे टायर काढून गुळगुळीत टायर घाला, नाहीतर रोजचा तासभर जास्त जातो. पुढची सर्वांत लहान दातेरी चकती ३०-३४ दातांची आणि मागची सर्वांत मोठी ३२-३४ दातांची असेल, तर बटोतचा चढ बसून चढता येतो. पुढे सस्पेन्शन नको. वजन आणि बिघाड दोन्ही वाढतात.

गटासाठी खरा सल्ला वेगळाच आहे: शक्य तितक्या सायकलींची चाके, ट्यूब, चेनची जात आणि ब्रेक सारखे असू द्या. दहा जणांत पाच प्रकारचे ब्रेक पॅड असतील, तर पाच प्रकारचे सुटे भाग वाहावे लागतात. आणि निघायच्या आधी नवी सायकल घेऊ नका. निदान १,००० किलोमीटर झालेली, पहिली सर्व्हिसिंग झालेली सायकल हवी. नव्या चाकांचे स्पोक सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये सैल होतात, ते तेव्हाच ताणून घेतले नाहीत तर पुढे तुटत राहतात.

कोणते सुटे भाग लागतातच?

प्रत्येकाच्या सायकलवर: दोन ट्यूब, पंक्चरचे ठिगळ आणि सोल्युशन, तीन टायर लिव्हर, छोटा पंप, षट्कोनी पान्यांचा संच, एक चेन क्विकलिंक (तुटलेली चेन जोडायची सुटी कडी).

गाडीत: फ्लोअर पंप, दोन टायर, दहा ट्यूब, चेन कापायचे हत्यार, दोन चेन, गिअरच्या आणि ब्रेकच्या आतल्या तारा प्रत्येकी चार, प्रत्येक प्रकारचे ब्रेक पॅड दोन-दोन जोड्या, स्पोकचा पाना, कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) काढायचे हत्यार, केबल टाय, इन्सुलेशन टेप, चेनचे तेल, जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या.

यात सर्वांत जास्त विसरला जाणारा भाग म्हणजे डिरेलर हँगर. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, सायकलच्या सांगाड्याला ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याने जोडलेला असतो तो. सायकल उजव्या कुशीवर पडली की तो वाकतो किंवा तुटतो; मुद्दाम मऊ केलेला असतो, म्हणजे सांगाडा वाचतो. पण त्याचे आकार शेकडो आहेत. तुमच्या मॉडेलचा हँगर सागर किंवा निर्मलच्या दुकानात मिळणार नाही. प्रत्येकाने आपल्या सायकलचा हँगर आधी मागवून सोबत ठेवायचा, त्यावर आपले नाव लिहून.

स्पोकचेही तसेच. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन लांबीचे स्पोक असतात आणि तुटतात ते बहुतेक गिअरच्या बाजूचे, म्हणजे कॅसेट काढल्याशिवाय बदलता न येणारे. प्रत्येक लांबीचे तीन-तीन ठेवा. क्विकलिंक घेताना ८, ९, १० की ११ गिअरची चेन हे पाहा, एकीचा दुसरीला बसत नाही.

चेन निघताना नवी हवी, पण ३०० किलोमीटर चालवून झालेली. दर २५०-३०० किलोमीटरला चेन पुसून थेंब-थेंब तेल द्या आणि दहा मिनिटांनी वरचे तेल पुन्हा पुसून काढा. वर राहिलेल्या तेलावर धूळ बसते आणि तीच चेन खाते. पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी.

महामार्गावर इतकी पंक्चर का होतात?

ट्रकचे टायर फुटतात, त्यांतल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा रस्त्याच्या कडेला साचतात, आणि सायकल नेमकी कडेने जाते. ही तार टायरमध्ये आरपार न जाता अर्धवट रुतून बसते. ट्यूब बदलली, हवा भरली, दोन किलोमीटरवर पुन्हा चाक बसले, असे झाले की समजावे तार आतच आहे. बोटाने ती लागत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा किंवा पातळ ओढणी फिरवली की अडकते. मग चिमट्याने किंवा नेलकटरने ओढून काढायची. चिमटा प्रत्येकाच्या पिशवीत हवाच.

दुसरे कारण हवा कमी असणे. ३२ मिलिमीटरच्या टायरला ७५ किलोच्या माणसासाठी मागे सुमारे ७५ आणि पुढे ६५ पीएसआय ठेवा आणि रोज सकाळी मोजा. हवा कमी असली की खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चिरडते आणि शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. बारीक तोंडाच्या प्रेस्टा वॉल्व्हच्या ट्यूब असतील तर पेट्रोल पंपावरची हवा त्यात भरता येत नाही. पितळी ॲडॉप्टर स्वस्तात मिळतो, तो वॉल्व्हलाच बांधून ठेवा. विदर्भ-तेलंगणात कच्च्या कडेला उतरलात तर बाभळीचे काटे आहेतच. थांबायचे असेल तेव्हा सायकल उचलून बाजूला न्या, ढकलत नेऊ नका.

गटाने कसे चालवायचे?

दहा जणांची एक लांब रांग करू नका. पाच-पाच जणांचे दोन गट करा आणि त्यांत २००-३०० मीटर अंतर ठेवा, म्हणजे बस किंवा ट्रॅक्टरला मध्ये शिरायला जागा राहते. प्रत्येक गटाला पुढे एक आणि शेवटी एक ठरलेला माणूस. पुढच्याच्या पुढे कोणी जायचे नाही, शेवटच्याच्या मागे कोणी राहायचे नाही. शेवटच्याकडे पंप, हत्यारे आणि प्रथमोपचार असतो, आणि तो पंक्चर काढण्यात तरबेज असतो. ही दोन माणसे रोज बदलायची.

पांढऱ्या पट्टीच्या डाव्या बाजूला, एकामागे एक. नवख्यांनी पुढच्या चाकापासून दोन-तीन मीटर अंतर ठेवावे. गटातले बहुतेक अपघात वाहनामुळे नाही, तर मागच्याचे पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला शेजारून घासून होतात. पुढचा खड्डा चुकवायला थोडा सरकला की मागचा पडतो. म्हणून खड्डा, काच, गतिरोधक, थांबतोय, हे हाताने आणि ओरडून सांगायचे, आणि मागच्याने ते आणखी मागे पोहोचवायचे. कानात इअरफोन कोणाच्याच नको.

दर २५-३० किलोमीटरला सगळे एकत्र यायचे. जागा आधी ठरवायची: ‘टोलनाक्यानंतरचा पहिला ढाबा’ असे स्पष्ट सांगायचे. ‘पुढे कुठेतरी थांबू’ म्हटले की दहा जण चार ठिकाणी थांबतात. टोलनाक्यावर अगदी डावीकडच्या मोकळ्या पट्टीने जायचे. सायकलला टोल नाही.

एकाचा वेग फारच कमी असेल तर?

गटाचा वेग सर्वांत हळू माणसाचा असतो. हे निघण्याआधी सगळ्यांनी मान्य करायला हवे, रस्त्यावर नाही. हळू चालणाऱ्याला शेवटी ठेवू नका. पुढच्या माणसाच्या लगेच मागे ठेवा. तिथे वारा कमी लागतो आणि पुढच्यालाही त्याचा दम ऐकू येतो. वेगवान मंडळींना चढावर मोकळे सोडा आणि माथ्यावर थांबवा.

नियम लिहून ठेवा: दुपारी तीनपर्यंत ठरलेले ठिकाण २५ किलोमीटरपेक्षा लांब असेल, तर मागे राहिलेले गाडीत बसतात. तो निर्णय त्या दिवशीच्या प्रमुखाचा असतो आणि त्यावर वाद होत नाही. कोणाला सगळे अंतर सायकलनेच करायचे असेल तर त्याची नोंद आधीच करा. त्याच्यासाठी गटाने अंधारात चालवणे हे मात्र मान्य करू नका.

सपोर्ट गाडी कशी वापरावी?

सायकलींच्या मागोमाग ताशी २० किलोमीटरने चालणारी गाडी संरक्षण देत नाही. मागून ८०-९० ने येणाऱ्या ट्रकला ती अचानक दिसते आणि तो ऐनवेळी वळतो. गाडीने २०-२५ किलोमीटर पुढे जाऊन, रस्त्यापासून पूर्ण बाहेर उभे राहायचे. छतावर आणि मागे मिळून निदान सहा सायकलींची सोय, बाकी जागा सामानाला. २० लिटरचे दोन पाण्याचे जार, केळी, ओआरएस, प्रथमोपचार पेटी, फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे. चालक सायकलस्वारांइतकाच थकतो, त्याला स्वतंत्र, शांत खोली द्या.

रोजचा दिवस कसा असतो?

पाचला उठणे, फटफटताना म्हणजे सहाच्या सुमारास निघणे, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावूनच. पहिला चहा-नाश्ता ३० किलोमीटरला, दुसरा ६०-७० ला. ताशी २० धरली तर ११५ किलोमीटरला पावणेसहा तास आणि थांबे दोन तास. दुपारी दोनला मुक्काम. संध्याकाळी कपडे धुणे, चेन पुसणे, दुसऱ्या दिवसाची दहा मिनिटांची बैठक, नऊला झोप. रात्री चालवायचे नाही.

या रस्त्यावर विशेष सांभाळायच्या जागा कोणत्या?

उड्डाणपूल सगळीकडेच. पुलावर कडेची पट्टी संपते आणि सायकल थेट ट्रकच्या मार्गात येते. शहरांजवळ सर्व्हिस रोडने पुलाखालून जा. सर्व्हिस रोड मुख्य रस्त्याला मिळतो तिथे, आणि कडेच्या पट्टीवर उलट दिशेने येणाऱ्या मोटारसायकलींसाठी नजर समोर ठेवा. पंजाबपासून तमिळनाडूपर्यंत हा धोका सारखाच आहे.

दिल्ली रविवारी पहाटे पार करा. दिल्ली-आग्रा मथुरेवरूनच्या महामार्गाने जा, यमुना एक्सप्रेसवेने नाही. हैदराबादच्या बाह्य वळण रस्त्यावर दुचाकींना बंदी आहे. शहरातून पहाटे निघा.

सिवनीहून नागपूरकडे येताना रस्ता पेंचच्या जंगलातून जातो. प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून तिथे रस्ता खांबांवर उचलला आहे. या टप्प्यात फटफटताना न शिरता, चांगले उजाडल्यावर सगळ्यांनी एकत्र जायचे. नागपूर सोडले की हिंगणघाट-वडनेर-पांढरकवडा हा काळ्या मातीचा पट्टा. ऑक्टोबरच्या शेवटी कापूस आणि सोयाबीनच्या गाड्या कडेने चालतात, पाऊस झाला तर ट्रॅक्टरने आणलेला चिखल रस्त्यावर घसरडा होतो. पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते आणि आदिलाबाद-निर्मल दरम्यान छोटा घाट.

सगळ्यांत जास्त काळजीची जागा धर्मपुरी-सेलमच्या मधला तोप्पूर घाट. दक्षिणेकडे जाताना तो उतार आहे, आणि जड ट्रक तिथे ब्रेक तापून निकामी होण्याचे अपघात वारंवार होतात. सकाळी लवकर, माथ्यावर थांबून ब्रेक तपासून, दोन सायकलींत २०-२५ मीटर अंतर ठेवून उतरा. ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. दोन्ही ब्रेक मिळून. रिमवर घासणारे ब्रेक लांब उतारावर दाबून धरले की रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते.

शेवटच्या दिवशी आरल्वाय्मोळी खिंडीत, पवनचक्क्यांच्या पट्ट्यात, बाजूने वाऱ्याचे झोत येतात. कन्याकुमारी जवळ आले म्हणून तिथे जोर लावला जातो. हँडल दोन्ही हातांनी, वाकून धरा आणि आपसांतले अंतर वाढवा.

काय खायचे, किती पाणी प्यायचे?

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी. उकाड्यात एक बाटली साधी आणि एक ओआरएसची. एक मोठे पाकीट एका लिटरलाच, कमी पाण्यात घट्ट करून प्यायले तर पोट बिघडते. नुसतेच साधे पाणी ढोसत राहिले तर अंगातले मीठ कमी होऊन डोके दुखते, मळमळते, पाणी आणखी प्यायल्याने वाढते. अशा वेळी खारे शेंगदाणे किंवा मीठ घातलेले ताक द्या.

तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. दोन केळी, किंवा चार-पाच खजूर आणि एक चिक्की. भूक लागायच्या आधी खायचे, घड्याळ लावून, कारण एकदा अंगातला जोर संपला की दीड तास परत येत नाही. गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू घरून नेलेले नागपूरपर्यंत टिकतात. तिथून पुन्हा भरून घ्या.

पंजाबात पराठा एकच, लोणी बाजूला. पुढे ८० किलोमीटर असतात. मध्य प्रदेशात पोहे-जिलबी हा सायकलवाल्यांसाठी उत्तम नाश्ता. नागपुरात तर्री पोहे विश्रांतीच्या दिवशी खा, निघायच्या सकाळी नको. तेलंगणापासून पुढे इडली, उपमा, पोंगल मिळायला लागतात आणि पोटाच्या तक्रारी आपोआप कमी होतात. कापलेली फळे आणि बर्फ पूर्ण बंद.

सीटचा त्रास, हात बधिर होणे, गुडघेदुखी?

गादीच्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नाही. तिच्या शिवणीनेच कातडी सोलते. तीन जोड हवेत, रोज धुतलेले आणि पूर्ण वाळलेले. पहिल्या दिवसापासून पेट्रोलियम जेली किंवा त्यासाठीचे मलम लावा. फोड आला तर फोडू नका, एक दिवस गाडीत बसा. एक दिवस सोडलेला माणूस पुढचे तीस दिवस चालवतो, न सोडलेला चौथ्या दिवशी घरी जातो.

गुडघा पुढून दुखला तर सीट बहुतेक खाली आहे, मागून दुखला तर वर. टाच पॅडलवर सर्वांत खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हावा, इतकी उंची. बदल करायचा तो एका वेळी ३-४ मिलिमीटरचा. करंगळी आणि अनामिका बधिर होणे म्हणजे तळहातातली नस दबते आहे: दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदला, सीटचे टोक खाली झुकले असेल तर सरळ करा. अंगात पाणी कमी असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊन चालवत राहू नका, मूत्रपिंडावर ताण येतो.

स्त्रिया गटात असतील तर वेगळे काय?

थांबे ठरवताना स्वच्छ स्वच्छतागृह असलेले पेट्रोल पंप आधी पाहून ठेवा. ते नाही म्हणून पाणी कमी पिणे हे आजाराचे थेट कारण होते. पाळीच्या दिवसात चालवायचे की गाडीत बसायचे हे तिचे तिने ठरवायचे, कारण विचारायचे नाही. सॅनिटरी पॅडचा साठा गाडीत सगळ्यांना माहीत असलेल्या पेटीत ठेवा.

मुक्काम आणि खर्च?

दोघांत एक खोली, साधे लॉज, दोन जेवणे, नाश्ता, गाडीचे भाडे-डिझेल-टोल धरून माणशी दिवसाला २,००० ते २,५०० रुपये धरा. त्यावर दहा टक्के अडीअडचणीचा निधी आधीच जमा करा आणि हिशेब एकाकडेच ठेवा. लॉज ठरवताना दोन प्रश्न: सायकली खोलीत किंवा कुलूपबंद जागेत ठेवू देणार का, आणि सकाळी साडेपाचला दार उघडणार का. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र लागते. कन्याकुमारीला विवेकानंदपुरम् इथे मोठ्या गटांची सोय होते, आधी कळवा.

कुत्री आणि अपघात?

कुत्रे मागे लागले तर वेग वाढवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढे जा. चावले तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजची लस घ्या. धनुर्वाताचे इंजेक्शन निघण्याआधी घेतलेले असावे. आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, महामार्गावरच्या मदतीला १०३३. प्रत्येकाच्या गळ्यात किंवा हँडलखाली रक्तगट, ॲलर्जी आणि घरचा क्रमांक. हेल्मेटवर एकदा जोराचा आघात झाला की ते बाद, बाहेरून चांगले दिसले तरी.

फक्त नागपूरपासून पुढे येता येईल का?

येता येईल, पण गटाची मान्यता आधी हवी. पहिले १,९०० किलोमीटर एकत्र केलेल्यांची लय बसलेली असते. नव्याने येणाऱ्याने विश्रांतीच्या दिवशीच पोहोचावे, दुसऱ्या दिवशी सर्वांसोबत हिंगणघाटपर्यंतचे ७५-८० किलोमीटर करावेत आणि हाताच्या खुणा शिकून घ्याव्यात.

सायकली नेण्या-आणण्याचे काय?

पुण्याहून जम्मूतावीला झेलम एक्सप्रेस आहे आणि कन्याकुमारीहून पुण्याला थेट गाडी येते. सायकल आपल्याच गाडीने जावी असे वाटत असेल, तर पार्सल कार्यालयात तिकीट दाखवून ती ‘लगेज’ म्हणून नोंदवा. ‘पार्सल’ म्हणून नोंदवली तर ती दुसऱ्या गाडीने, दोन-चार दिवसांनी येऊ शकते. सुटण्याच्या निदान तीन तास आधी पोहोचा.

दिवे, मीटर, बाटल्या, पंप काढून घ्या. पॅडल काढा (डावे पॅडल उलट आट्यांचे असते, घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटते), हँडल वळवून सांगाड्याला समांतर बांधा, मागचा डिरेलर सोडून आत चिंधीत गुंडाळा, सांगाड्याला फोमची नळी लावा. पुढचे चाक काढले तर फोर्कच्या मध्ये लाकडाचा तुकडा अडकवा आणि डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या मध्ये पुठ्ठा. नाहीतर लिव्हर चुकून दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात. नाव, फोन आणि स्थानकाचे नाव लिहिलेली कापडी चिठ्ठी दोन ठिकाणी शिवा, कागदाची फाटते. विमानाने येणार असाल तर टायरमधली बरीचशी हवा सोडा, पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवा, आणि हवा भरायच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्या कन्याकुमारीतच कोणा सायकलवाल्याला देऊन टाका.